बाटलीचा सूर आणि तडकलेला पाइप

मुलांनो, आज तुम्हांला माझी स्वतःची एक चूक सांगणार आहे. बाईसुद्धा चुकतात, बरं का!

आमच्या शाळेच्या मागे विहीर आहे. मोटार लावली की भिंतीवरच्या लोखंडी पाइपातून पाणी गच्चीवरच्या टाकीत चढते. मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर हा पाइप एल्बोजवळ तडकला. प्लंबरने एम-सील लावून दिले. पंधरा दिवसांत पुन्हा चीर! मग त्याने तो तुकडाच बदलला. महिना होतो न होतो तोच पुन्हा तिथेच पाणी ठिबकू लागले. मधल्या सुट्टीत मुलांना प्यायला पाणी नाही.

चौथीतला एक मुलगा भारी दंगेखोर. त्याला आपण बंडू म्हणू या. हे त्याचे खरे नाव नाही. तो पाइप धरून भिंतीवर चढताना मी एकदा पाहिला होता. मग काय! मी त्याला सगळ्या वर्गासमोर उभे केले.

"पाइप तूच मोडतोस ना?"

"नाही बाई! आता मी तिकडं जात पण नाही. मोटार लावली की तो पाइप आपोआप थरथरतो."

"उलट उत्तर देऊ नकोस," असे म्हणून मी त्याचे मैदानावर जाणे आठवडाभर बंद केले.

त्याच आठवड्यात परिसर अभ्यासाच्या धड्यासाठी विजेविषयी वाचत होते. वाचता वाचता अमेरिकेतल्या एका अणुवीज केंद्राची हकिकत हाती लागली. इलिनॉय राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी, क्वाड सिटीज नावाचे केंद्र आहे. तिथल्या अणुभट्टीत पाणी उकळते, त्याची वाफ होते आणि ती वाफ टर्बाइन फिरवते. आपल्या तारापूरला १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्याही याच जातीच्या. वाफेत पाण्याचे थेंब राहिले तर टर्बाइनची पाती झिजतात. म्हणून भट्टीच्या वरच्या भागात वाफ कोरडी करणारे पोलादी पत्र्यांचे एक मोठे यंत्र बसवलेले असते.

२००२ साली तिथल्या दुसऱ्या भट्टीची शक्ती सुमारे १८ टक्क्यांनी वाढवली. म्हणजे नळांतून वाफ पूर्वीपेक्षा जोरात धावू लागली. थोड्याच दिवसांत वाफेच्या मुख्य नळाला जोडलेली, पाण्याचा निचरा करणारी एक बारीक नळी थरथरून तुटली. पुढे वाफेतली ओल वाढल्याचे लक्षात आले. भट्टी बंद करून आत पाहिले, तर वाफ कोरडी करणाऱ्या यंत्राचा एक पत्रा तुटलेला! त्याचे तुकडे सुटून गेले होते. त्या जागी अधिक जाड पत्रा बसवला. पण २००३ साली त्याच यंत्रात दुसरीकडे चिरा सापडल्या.

पोलाद इतके मजबूत, मग ते तुटते कसे? बांधकामाची बारीक तार घ्या. ती एकदा वाकवली तर तुटत नाही. पण त्याच जागी उलटसुलट वाकवत राहा. थोड्या वेळाने कट्‌कन तुटेल. (टोक बोचते, तेव्हा हे मोठ्या माणसांबरोबरच करा.) थरथरणारी वस्तूही अशीच किंचित वाकते आणि सरळ होते, सेकंदाला कितीतरी वेळा. डोळ्यांना दिसत नाही, पण धातू थकतो. आधी केसासारखी चीर पडते, मग ती वाढत जाते.

पण तिथे एवढे थरथरत होते कशामुळे? तपास करणाऱ्यांनी नळांवर कंपने मोजणारी उपकरणे लावली. छोट्या नमुन्यांवर प्रयोग केले. २००५ साली नवे यंत्र बसवताना त्याच्या अंगावरही उपकरणे चिकटवली. गुन्हेगार कोण निघाला, सांगू? सूर!

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारा. 'भूंऽऽ' असा आवाज येतो ना? वाफेच्या मुख्य नळांवर सुरक्षा झडपांसाठी उभ्या नळ्या होत्या. त्यांची वरची बाजू झडपेने बंद, म्हणजे अगदी बाटलीच! वाफ त्यांच्या तोंडावरून जोरात धावली की त्या वाजत. तो आवाज वाफेतून मागे भट्टीपर्यंत जाई आणि पत्रे हलवी. म्हणून २००६ साली त्या उभ्या नळ्यांना आणखी पोकळ्या जोडल्या. बाटलीतले पाणी कमी केले की सूर बदलतो, तसा त्यांचा सूर बदलला आणि थरथर एकदम कमी झाली. जाड पत्र्याने जे साधले नव्हते, ते मूळ कारण शोधल्यावर साधले.

हे वाचले आणि मला एकदम बंडूचे शब्द आठवले, "तो पाइप आपोआप थरथरतो."

दुसऱ्या दिवशी शिपाईमामांना मोटार लावायला सांगितली आणि बंडूला घेऊन मागे गेले. पाइप खरेच थडथडत होता! भिंतीवरच्या दोन क्लॅम्प निघालेल्या होत्या आणि मोटारीच्या पायाचा एक बोल्ट ढिला होता. सारा हादरा एल्बोजवळच्या आट्यांवर येत होता. आटे पाडलेल्या जागी पाइप पातळ असतो, म्हणून चीर नेमकी तिथेच पडे. प्लंबरने बोल्ट आवळला, मोटारीखाली रबर घातले, नव्या क्लॅम्प ठोकल्या. तेव्हापासून आजपर्यंत पाइप तडकलेला नाही.

पण माझे काम संपले नव्हते. बंडूवर आळ मी सगळ्यांसमोर घेतला होता, मग माफीही सगळ्यांसमोरच मागायला हवी. मी वर्गात उभी राहून म्हटले, "बंडू खरं बोलत होता. मी त्याचं ऐकलं नाही. माझं चुकलं." वर्ग अगदी चिडीचूप. बंडू खाली मान घालून म्हणाला, "मग बाई, आता मैदानावर जाऊ?"

तेव्हा मुलांनो, घरात एखादी वस्तू पुन्हापुन्हा एकाच जागी मोडत असेल, तर "कोणी मोडली?" असे विचारण्याआधी "का मोडते?" असे विचारा. आणि हो, हे वाक्य आईबाबांनाही वाचून दाखवा बरं का!