अळणी मोरीत ओतताना

कोल्हापूरच्या घरात माणूस आजारी पडला की त्याला अळणी पाजतात. मटण असो नाहीतर चिकन, मसाला पडायच्या आधी काढलेलं ते पाणी. पीस बाकीच्यांनी खाल्ले तरी चालतील, सत्त्व पाण्यात उतरलंय, असं सासूबाई म्हणायच्या. मीही तेच मानत आले.

ह्यांची किडनी बिघडून क्रिएटिनिन वाढलं तेव्हा डॉक्टरांनी प्रोटीन कमी करायला सांगितलं. वजनाच्या किलोमागं ०.६ ते ०.८ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या ह्यांना दिवसाला ३६ ते ४८. मी 'कमी' ऐकलं आणि 'बंद' केलं. चिकनचं पातेलं थेट माळ्यावर. खोटं कशाला सांगू, बारमाही श्रावण पाळल्याचं पुण्यही वाटत होतं.

पुढं डायलिसिस लागलं, आठवड्यातून तीनदा. माझा श्रावण चालूच. वर दमून आले म्हणून शहाळं, पालकाची पातळ भाजी. पोटॅशियम वाढवणारं सगळं मीच मायेनं पुढ्यात ठेवत होते. ह्यांचा शर्ट खांद्यावरून उतरायला लागला, रक्तातलं अल्ब्युमिन २.९ वर घसरलं.

आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "अंडं, चिकन काय देता?" मी ताठ मानेनं सांगितलं, "काहीच नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. डायलिसिसमध्ये रक्तातली अमिनो आम्लंही धुऊन जातात, त्यामुळं आता हिशेब उलटा, किलोमागं १ ते १.२ ग्रॅम. एवढं सगळं डाळीतून गाठायचं तर तिच्याबरोबर पोटॅशियमही पोटात जातं. शिजलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये मात्र २५-३० ग्रॅम प्रोटीन सहज मिळतं.

पातेलं खाली उतरलं. तेव्हा कळलं, आमची अडचण कोंबडीपेक्षा रश्श्याचीच जास्त. सुकं खोबरं, तीळ, खसखस, त्यावर मिठाची कांदा-लसूण चटणी. आता कातडं काढलेले, बिनहाडाचे लहान तुकडे भरपूर पाण्यात उकळते आणि पाणी फेकते, कारण पोटॅशियम आणि थोडं फॉस्फरस त्यात उतरतं. मग चमचाभर तेलावर कांदा, आलं-लसूण, मिरपूड, वरून लिंबाचे चार थेंब. मुलानं एकदा फ्रोझन नगेट्स आणले होते. पाकिटावर फॉस्फेट वाचलं आणि त्यालाच खायला लावले. असं वरून घातलेलं फॉस्फेट अंगात जवळजवळ सगळंच शोषलं जातं.

पहिल्यांदा अळणी मोरीत ओतताना हात अडखळला. सासूबाईंचा फोटो तिथून दिसतो. आतून ह्यांचा आवाज आला, "वाटीभर ठेवलीस ना?"

"नाही."

त्या दिवशी जेवताना बोलले नाहीत, पण पीस सगळे संपवले. चार महिन्यांनी अल्ब्युमिन ३.६ आलं.

तुमच्या घरी किडनीचा पेशंट असेल तर माझी ही कृती जशीच्या तशी उचलू नका. डायलिसिस चालू आहे की नाही ते आहारतज्ज्ञांना आधी सांगा आणि ग्रॅम कागदावर लिहून घ्या. मला आकडा सांगितला होता, पण त्यात चिकन किती बसतं, हे मी विचारलंच नव्हतं.