खोपोलीचा टेकू

खोपोली हे पाहायला जाण्याचे गाव नव्हे. ते ओलांडून जाण्याचे गाव आहे. पुण्या-मुंबईच्या प्रवाशाच्या तोंडी लोणावळ्याची चिक्की असते, डोळ्यांपुढे खंडाळ्याचे धुके असते. पण घाटाच्या पायाशी बसलेल्या या गावाचे नाव तो फक्त पाटीवर वाचतो. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाल्यापासून तर बहुतेकांना पाटी वाचण्याचेही श्रम उरलेले नाहीत.

असे असले तरी या गावाला स्वतःचा एक स्वभाव आहे, आणि तो घाटाने घडवलेला आहे. वरून खाली येणाऱ्या वजनाशी खोपोलीचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते. १८३० साली गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हापासून ब्रेक, चाक आणि उतार यांची चिंता या पायथ्याला चिकटली. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि तिथेच थबकली. १८५८ साली वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे रूळ पडले. मधला घाट मात्र १८६३ पर्यंत पालखीने, तट्टाने नाही तर बैलगाडीने चढावा लागे. घाटातला लोहमार्ग झाला तेव्हा त्याच्या कर्त्यांनी केवळ ब्रेकवर विसंबून काम भागवले नाही. उतरणाऱ्या गाडीचा ताबा सुटलाच, तर तिला बाजूच्या चढावर नेऊन थोपवण्यासाठी निराळे रूळ घातले. पुढे १९१५ साली टाटांच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. त्यासाठी डोंगरावरचे पाणी लोखंडी नळांत कोंडून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला आणले. पाणी असो, आगगाडी असो की मालट्रक. वरून येणाऱ्या वजनाला मोकळे सोडायचे नाही, हा इथला रिवाज.

या रिवाजाचे एक लहानसे, पण फार बोलके रूप मला जुन्या हमरस्त्याच्या कडेला एका गॅरेजात पाहायला मिळाले. माझा एक जुना विद्यार्थी मालवाहतुकीचा धंदा करतो. त्याची एक जुनी गाडी घाट चढण्याआधीच पाणी गाळू लागली म्हणून खोपोलीत थांबली होती. "सर, तुम्ही शब्द गोळा करता ना? मग वर्गापेक्षा इथे जास्त मिळतील," असे म्हणून तो मला सोबत घेऊन गेला. पत्र्याची उतरती शेड, तेलाने काळी झालेली जमीन, भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले पाने, आणि साठीच्या घरातले एक मिस्त्री. सगळे त्यांना अण्णा म्हणत. हाताखाली अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा.

इथे ट्रकच्या कुळाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९५४ साली जर्मन सहकार्याने जमशेदपूरला टाटांचे ट्रक बनू लागले, ते नाकाचे. इंजिन पुढे, त्यावर झाकण, आणि मागे ड्रायव्हरची बैठक. बिघाड झाला की झाकण उघडावे आणि उभ्यानेच काम करावे. पण नाकाने लांबी खाल्ली की माल भरायला तेवढी जागा कमी पडते. म्हणून पुढे बैठक इंजिनाच्या डोक्यावर सरकली आणि ट्रकचे तोंड सपाट झाले. यातल्या पुष्कळ गाड्यांत इंजिन केबिनच्या आतच, ड्रायव्हर आणि क्लीनर यांच्या मधोमध, झाकणाखाली धगधगत असे. त्या झाकणावर डबा गरम राही आणि ओला टॉवेल वाळे. पण उन्हाळ्यात ड्रायव्हरही वाळे. शिवाय मिस्त्रीला अंग आखडून आतल्या आत काम करावे लागे. यावर उपाय म्हणजे सबंध केबिनच पुढच्या बाजूला बिजागरीवर बसवायची आणि पेटीच्या झाकणासारखी पुढे कलती करायची. अमेरिकेत व्हाइट कंपनीने १९४९ साली, स्वीडनमध्ये व्होल्व्होने १९६२ साली अशा गाड्या आणल्या. आपल्याकडे १९८० नंतरच्या दशकात जपानी सहकार्याने हलके ट्रक बनू लागले, तेव्हा ही कलती केबिन रस्तोरस्ती दिसू लागली.

पेटीचे झाकण म्हटले खरे. पण हे झाकण कित्येक मणांचे असते आणि मिस्त्रीला नेमके त्याच्या खाली डोके घालायचे असते.

अण्णांनी गाडीला प्रथम हातच लावला नाही. सावकाश एक प्रदक्षिणा घातली. गाडी सपाटीवर आहे ना, हे पाहिले. इंजिन बंद होते. ते निवू दिले. हँडब्रेक ओढलेला होता, तरी मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले. गिअर मोकळा केला. "केबिन वर असताना कुणी खालून इंजिन चालू केलं आणि गिअर पडलेला असला, तर गाडी चालू लागते, सर. आत ड्रायव्हर नसतो, एवढाच फरक," असे ते म्हणाले. मग वर पाहिले. शेडचा पत्रा, विजेची तार, झाडाची फांदी, यांपैकी काही आड येत नाही ना? समोर पाहिले. केबिन पुढे झुकते तेव्हा तिला माणूसभर जागा लागते. तिथे एक चहावाला पोऱ्या उभा होता, त्याला किटलीसकट दूर केले.

त्यानंतर केबिन रिकामी करण्याचा सोहळा झाला. पाण्याचा कॅन, स्टोव्ह, जेवणाचा डबा, पान्यांची पेटी, चपला, सारे खाली उतरले. केबिन कलली की आतली प्रत्येक सुटी वस्तू समोरच्या काचेवर जाऊन आदळते. एका पान्याने काच फुटल्याचे उदाहरण अण्णांनी दिले. देवाच्या तसबिरीपुढचा नारळ आणि उदबत्तीचे घर मुलाने हात पुसून, नमस्कार करून खाली आणले. टपावरच्या कॅरिअरमधली ताडपत्री आणि दोरखंडेही उतरली. मग दोन्ही दरवाजे घट्ट लावले. उघडा दरवाजा केबिनबरोबर वर जातो आणि बिजागरीतून पिळवटतो.

जुन्या गाडीची तपासणी आणखी निराळी. अण्णांनी पंपाच्या बुडाशी बोट फिरवून तेलाचा ओलावा पाहिला. तेल वाहून नेणाऱ्या रबरी नळीला चिरा पडल्यात का, हे पाहिले. पुढच्या बिजागऱ्यांतले बुश एका बाजूने झिजले असतील तर केबिन वाकडी उठते, म्हणून तिथे बॅटरीचा उजेड टाकला. "कंपनीनं पंप दिला तो कंपनीच्या केबिनसाठी. मालकानं नंतर वर कॅरिअर चढवलं, पुढं लोखंडी गार्ड लावला, आत झोपायला फळी ठोकली. वजन वाढलं; पंप तोच राहिला." माझा विद्यार्थी तेवढ्यात दुसरीकडे पाहू लागला.

हलक्या गाड्यांत पंप नसतो, हेही त्यांनी सांगितले. तिथे पोलादी सळईला पीळ देऊन बसवलेली असते. खटका सोडला की तो पीळ उलगडू पाहतो आणि केबिन उचलायला हातभार लावतो. वर्षे गेली की पीळ मंदावतो. मग एकट्याने उचलण्याची शेखी मिरवू नये, दोघांनी उचलावी. आणि केबिन खाली असताना त्या सळईचे बोल्ट कधी सोडू नयेत. साठवलेला पीळ क्षणात बाहेर पडतो आणि समोर जे असेल ते फोडतो.

आता अण्णांनी पंपाची कळ 'वर' कडे फिरवली, मागचे खटके सोडले आणि दांडा हलवू लागले. पहिले काही हात वायाच गेल्यासारखे वाटले. तेल नळीत भरत होते. मग केबिनच्या मागच्या कडेशी एक बारीक फट दिसली. ती वीतभर झाली, हातभर झाली. मी पुढे वाकणार तोच मुलाने हात आडवा केला. "आत्ता नाही, सर."

तोल ओलांडण्याचा क्षण हा या कामातला सर्वांत नाजूक. तोवर दांडा जड लागतो, कारण वजन मागे ओढत असते. एका बिंदूला वजन पुढे जाते आणि दांडा एकाएकी हलका होतो. आता केबिन आपण उचलत नसतो; ती स्वतः पुढे पडू पाहते आणि तेलच तिला धरून सावकाश उतरवते. इथे काम अर्धवट सोडून चहाला जायचे नाही. एक तर पुरती कलवायची, नाही तर पुरती खाली घ्यायची. मधल्या मध्ये लोंबकळत ठेवायची नाही.

केबिन पुरती पुढे झुकली. इंजिन उघडे पडले. कुणालाही वाटावे, झाले काम. पण अण्णा बाजूला उभे राहिले आणि मुलाने डाव्या अंगाचा लोखंडी टेकू जागेवर आणला. त्याच्या भोकात खीळ घातली आणि खिळीला तार बांधली. अण्णांनी येऊन खीळ हलवून पाहिली. तेव्हा कुठे मुलगा खाली शिरला.

मी विचारले, "तेलानं धरून ठेवलेलंच आहे की, मग टेकू कशाला?"

"तेलानं उचलायचं, सर. धरायचं लोखंडानं. उचलणारा निराळा आणि धरणारा निराळा." थोडे थांबून ते म्हणाले, "माझ्याबरोबर काम शिकलेला एक जण होता. दुसऱ्या गावच्या शेडात. एवढा पट्टा बसवतो आणि येतो म्हणाला. टेकूला दोन मिनिटं लागली असती." पुढे ते बोलले नाहीत. पंपावर ठेवलेला त्यांचा हात तसाच राहिला. तो मुलगा खाली काम करत होता, आणि तो बाहेर येईपर्यंत अण्णांनी गाडीपासून पाऊल हलवले नाही.

मराठीत 'खीळ बसणे' हा प्रयोग आपण वाईट अर्थाने करतो. प्रगतीला खीळ बसली, कामाला खीळ बसली. 'टेकू' या शब्दालाही आपण राजकारणात नेऊन बदनाम केले आहे. टेकूवर उभे असणे म्हणजे जणू दुबळेपणा! ज्या शेडात एका मुलाचे डोके त्या खिळीच्या भरवशावर आत गेलेले होते, तिथे उभे राहून मला हे दोन्ही शब्द नव्याने शिकावे लागले.

तासाभराने पाण्याचा पंप बदलून झाला. उतरवण्याचा विधी चढवण्याइतकाच काटेकोर. आत कुठे पाना, चिंधी राहिली नाही ना. सगळे बाहेर आले ना, हे नाव घेऊन विचारले गेले. मग टेकू काढला, कळ 'खाली' कडे फिरवली आणि दांडा पुन्हा हलू लागला. केबिन तोल ओलांडून मागे आली, सावकाश जागेवर बसली. कळ तशीच 'खाली' कडे ठेवायची, गाडी चालवतानाही; हा नियम पुष्कळांना ठाऊक नसतो.

शेवटी खटके. एक मुख्य आणि एक राखीव. पहिला निसटलाच तर दुसरा धरतो. अण्णांनी कान लावून आवाज ऐकला, मुलाला दोन्ही बाजूंनी आकडा डोळ्यांनी पाहायला लावला, आणि मग केबिनला मागून जोराचा हिसका दिला. एवढे कशासाठी, हे घाटाकडे बोट दाखवून त्यांनी सांगितले. सपाटीवर न बसलेला खटका दहा दिवस कळणार नाही. पण ही गाडी माल टाकून परत येईल, बोरघाटाच्या उतारावर ड्रायव्हर ब्रेक दाबेल. गाडी थांबू पाहील आणि केबिन मात्र पुढे जाऊ पाहील. तिला थांबवायला त्या वेळी फक्त तो खटका असेल.

जुन्या रस्त्यावर, घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा धनगर आणि त्या उपकाराची फेड म्हणून त्याला मिळालेली गोळी, ही कथा इकडे सगळे सांगतात. येणारे-जाणारे ड्रायव्हर तिथे नाणे वाहतात. अण्णाही जाता-येता वाहतात. मी विचारले, "इतकं सगळं तपासल्यावर पुन्हा नाणं?" ते हसले. "देवाला सांगायला तोंड पाहिजे ना, सर, की माझं मी केलंय!"

नारळ आणि उदबत्तीचे घर पुन्हा आपल्या जागी गेले. चाकांखालचे ठोकळे सर्वांत शेवटी निघाले. गाडी रस्त्याला लागली तेव्हा मुलगा मागून ओरडला, "दोन्ही बसलेत!" ड्रायव्हरने खिडकीतून हात हलवला आणि गाडी घाटाच्या दिशेने वळली. अण्णांनी पंपाखाली सांडलेले तेल चिंधीने पुसले. टेकूच्या खिळीची तार बोथट झाली होती. ती टाकून देऊन त्यांनी मुलाला नवी तार कापायला सांगितले.