जाड रेघ, धावते अक्षर : मोडीचे खिळे आणि नागपूर

१/ संगणकावर मराठी शब्द निवडून ‘इटालिक’ची कळ दाबली, की अक्षर बहुधा केवळ कलते, त्याचे वळण बदलत नाही. रोमन लिपीत मात्र इटालिकला स्वतःची निराळी घडण असते. धावत्या हाताची अशी घडण मराठी छपाईला एकेकाळी लाभली होती आणि तिचा धागा नागपूरपर्यंत पोहोचतो.

२/ इटालिक जन्मले हाताच्या वेगातून. १५०१ मध्ये व्हेनिसच्या आल्डस मनुशियसने व्हर्जिलची काव्ये लहान आकारात छापली. त्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने विद्वानांच्या धावत्या हस्ताक्षरावरून खिळे कोरले होते.

३/ स्लॅब सेरिफची गरज याच्या उलट. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या जाहिरातफलकांना दुरून दिसणारे अक्षर हवे होते, म्हणून टोकांना जाड, चौकोनी पट्ट्या आल्या. १८४५ चा क्लॅरेन्डन याच कुळातला. साध्या मजकुरात एखादा शब्द ठळक करण्यास तो सोयीचा ठरला. हे अक्षर तिरके केले, की पट्टी नजरेला थांबवते आणि कल तिला पुढे नेतो. मथळ्यात त्याचा उपयोग होतो तो या ओढाताणीमुळेच.

४/ अशीच ओढाताण मोडीत आहे. लेखक प्रथम कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग रेघ आखी आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे धावती ठेवी. वर स्थिर रेघ, खाली वाहता हात.

५/ बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात या धावत्या अक्षराचे धातूचे खिळे झाले. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरीचा आधार घेऊन निघाले. १८१० च्या मराठी-इंग्रजी कोशातील मराठी शब्द मात्र मोडीत छापले गेले. केरीला मराठीत साहाय्य करणारे फोर्ट विल्यम कॉलेजातील वैजनाथ पंडित हे मूळचे नागपूरचे.

६/ त्याच दशकात श्रीरामपूरहून ‘रघुजी भोसल्यांची वंशावळी’ मोडीत छापून निघाली. भोसल्यांचे राज्य तेव्हा नागपुरात नांदत होते. ज्या लिपीत त्यांचे दफ्तर लिहिले जाई, तिच्याच खिळ्यांत त्यांच्या घराण्याची हकीकत आली.

७/ तरीही हे खिळे टिकले नाहीत. मोडीचे बळ अक्षराला अक्षर जोडण्यात, तर खिळा सुटा. लिहिताना वाचणारा वेळ छापताना वाचत नाही. शिवाय ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडी सहसा पाळत नाही. वाचकाला सोपी होती ती बालबोध. १८३१ चा मोल्सवर्थचा कोश देवनागरीत निघाला आणि छापील मराठीची वाट ठरली.

८/ रोमनने उभे आणि धावते अशी दोन्ही अक्षरे एकाच पानावर नांदवली. मराठीने त्यांची वाटणी केली : छापखाना बालबोधीला, दफ्तर मोडीला. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली, तेव्हा दफ्तराची किल्लीही गेली.

९/ २०१४ मध्ये युनिकोडने मोडीला स्थान दिले. तिचे फाँट आता घडू शकतात. पण पणजोबांचे खरेदीखत हाती असून ते वाचता न येणारी घरे नागपुरात आजही आहेत. फाँट अक्षर दाखवील. ते वाचण्यासाठी डोळा मात्र तयार करावा लागेल. इतिहासाच्या तरुण अभ्यासकांनी मोडी शिकावी, ती यासाठी.