साकीनाक्याच्या वरच्या अंगाचा पाहुणा

साकीनाका म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? मोटारींची अखंड रांग, कारखान्यांची छपरे, भोंग्यांचा कलकलाट, आणि २०१४ सालापासून या साऱ्यांच्या डोक्यावरून धावणारी मेट्रो! अशा ठिकाणी मासे पाहायला चला म्हटले, तर घरची मंडळी हसतीलच. पण विहार आणि पवई या दोन तलावांच्या सांडव्यांचे पाणी घेऊन निघालेली मिठी नदी माहीमच्या खाडीकडे जाते, ती याच भागातून. साकीविहार रस्त्याने वर गेले, की पवईचा विस्तीर्ण तलाव सामोरा येतो.

हा तलाव १८९१ सालचा. मुंबईची तहान भागविण्यासाठी तो बांधला. पण पाणी पिण्याजोगे उरले नाही, म्हणून ते कारखाने व बागांच्या वाट्याला गेले. तलावात मगरी आहेत, काठी गळ टाकून तासन् तास बसणारे हौशी लोक आहेत, आणि पाण्यात एक परदेशी पाहुणा कायमचा मुक्काम ठोकून आहे. त्याचे नाव तिलापिया. उजनीच्या काठावर त्यालाच चिलापी म्हणतात.

चिलापी मूळची आग्नेय आफ्रिकेतील नद्यांची. १९५२ साली ती सिलोनहून भारतात आली. गरिबाला स्वस्त मासळी मिळावी, हा हेतू. ती सिक्लिड कुळातली. या कुळातल्या भारताच्या स्वतःच्या जाती जेमतेम तीन. गोव्याकडची चविष्ट कालुंदर ही त्यांतलीच. गंमत म्हणजे कालुंदरचे जवळचे नातेवाईक राहतात थेट मादागास्करमध्ये!

एरवी चिलापी दिसायला करडी, साधीसुधी. पण विणीच्या काळात नराचा थाट पाहावा! अंग काळेभोर, गळा पांढुरका, पंखांच्या आणि शेपटीच्या कडा लालचुटूक. तळाच्या मातीत तोंडाने उकरून तो परळासारखा गोल खळगा करतो व दुसऱ्या नरांना हुसकावून लावतो. मादी तेथे अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलून घेते. पिले बाहेर पडून पोहू लागेपर्यंत तिचे तोंड हाच पाळणा. त्या दिवसांत तिचे खाणे जवळजवळ बंद. पुढेही काही दिवस, जरा धोका वाटला की पिलांची झुंड पुन्हा आईच्या तोंडात शिरते.

एवढी माया करणारा मासा वाईट कसा? मासा वाईट नाहीच. अडचण त्याच्या यशात आहे. आपले रोहू, कटला लाखो अंडी घालतात, पण त्यांना पावसाळ्यातले वाहते पाणी लागते. चिलापीला साचलेले डबकेही चालते. काही महिन्यांतच ती पिलावळ वाढवू लागते. गोडे पाणी, मचूळ पाणी, कमी प्राणवायूचे पाणी, सारे तिला सोसते. मग गर्दी होते, खाणे अपुरे पडते, मासे खुरटतात, आणि स्थानिक जातींच्या वाट्याचा घास जातो. स्वस्त मासळीसाठी आणलेल्या पाहुण्याने अनेक तलावांत घरच्यांनाच कोपऱ्यात ढकलले, ते असे.

पण सगळा दोष पाहुण्यावर ढकलून आपण मोकळे होणार काय? घाण पाणी सोडले कोणी? नदीचा काठ बुजवला कोणी? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठीने पात्र सोडले, आणि साकीनाक्याच्या उतारावर दरड कोसळून माणसे गाडली गेली. बुजवलेल्या नाल्यांचा हिशेब पाणी कधी ना कधी मागतेच.

तेव्हा सुट्टीत मुलांना पवईला जरूर न्या. घरच्या काचेच्या पेटीतले रंगीत मासे कंटाळा आला म्हणून तेथे सोडू मात्र नका. एक पाहुणा पुरे आहे. आणि पाण्यात हालचाल दिसली, की “मासे आहेत, म्हणजे तलाव चांगला आहे” असे समाधान करून घेऊ नका. चिलापी कुठेही तग धरते. मासे आहेत का, यापेक्षा कोणते मासे उरले आहेत, हे मुलांना विचारायला शिकवा. पाण्याची खरी प्रकृती त्या उत्तरात कळते.