शर्यत पाण्याशी

कळमेश्वर

चि. बाळ,


‘रिपटाइड जीपी : रेनेगेड’ हा पाण्यावरच्या शर्यतींचा गेम घेऊ का, असं तू विचारलंस. फोनवर हो-नाही म्हणून भागलं नसतं, म्हणून लिहायला बसलो. दिवाळीत तुम्ही तारकर्लीला जाणार आणि तू जेट स्की चालवणार, हेही ताईने सांगितलं. त्यासाठीही थोडं लिहायचं आहे.

आपल्याकडच्या पोट्ट्यांचं पाणी म्हणजे शेतातली विहीर, धापेवाड्याची चंद्रभागा, फार तर रामटेकजवळच्या खिंडसीतली बोट. मुंबईचा समुद्र इथून 800 किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे लाट हलते कशी, हे मला आधी गेमनेच दाखवलं, आणि या गेमचं खरं बळ तेच आहे. मोटारींच्या शर्यतीत रस्ता जागचा हलत नाही. इथे पायाखालचं पाणीच उठतं, बसतं, ढकलतं. लाटेवरून उडून हवेत कसरत केली की बूस्ट, म्हणजे जादा वेगाचा साठा, भरतो, पण कसरत पुरी व्हायच्या आत पाण्याला टेकलास की आपटलासच. किती उंच उडालो आणि किती वेळ हाताशी आहे, हा हिशेब क्षणात करावा लागतो. मला तो फार आवडतो. ‘बीच बग्गी रेसिंग’ करणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या व्हेक्टर युनिटनेच 2016 मध्ये हा गेम काढला. फोनच्या पडद्यावर एवढं जिवंत पाणी आणणं ही मोठीच कारागिरी.

मात्र पुढे पुढे हेच पाणी मागे पडतं. गोष्ट लीगमधून हाकललेल्या स्पर्धकाची. तो बेकायदा शर्यती करत, पोलिसांना चुकवत नाव परत मिळवतो. ठीक आहे, पण तिच्यात जीव नाही. कसरत करा, बूस्ट भरा, उडवा, हे चक्र इतकं जोरात फिरतं की लाट ही नुसती उडी मारायची फळी होऊन बसते. यंत्र सुधारायला पैसे लागतात आणि त्यासाठी जिंकलेल्या शर्यती पुन्हा खेळाव्या लागतात. तिथे मला कंटाळा येतो.

याच्यापुढे निन्टेंडोचा 1996 चा ‘वेव्ह रेस 64’ ठेवून बघ. शर्यतीत चारच स्पर्धक, चित्रंही आजच्या मानाने ओबडधोबड. पण पाण्यावर तरंगणारा लाल बोया उजवीकडून, पिवळा डावीकडून काढायचा, एवढ्या एका नियमावर सगळा खेळ उभा आहे. नीट काढलास तर ताकद वाढते, पाच चुकवलेस तर बाद. शिवाय वाट लाटच ठरवते. एका शर्यतीत तर फेरीगणिक ओहोटी लागते आणि मघाशी पाण्याखाली असलेली जमीन उघडी पडते. वीस वर्षांनी आलेल्या गेमला हे जमलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तारकर्लीचं. जेट स्कीला मोटारीसारखं चाक नाही आणि बोटीसारखं सुकाणूही नसतं. आतला पंप पाणी ओढून मागच्या तोटीतून जोराने फेकतो. हँडल वळवलं की ती तोटी वळते, आणि त्या झोताच्या जोरावर स्की वळते. थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायचा खटका, सोडलं की झोत बंद, मग हँडल कितीही वळव, स्की सरळच जात राहते. समोर बोट दिसली की घाबरलेला माणूस नेमकं थ्रॉटल सोडतो. फोनवरच्या गेममध्ये थ्रॉटल आपोआप धरून ठेवायची सोय असल्याने ही गोष्ट हाताला कधी कळतच नाही. म्हणून दुरूनच वेग कमी कर, आणि वळायचं असेल तेव्हा थोडं थ्रॉटल धरून ठेव. लाइफ जॅकेटचे पट्टे घट्ट बांध. बंद करायच्या किल्लीची दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली असू दे, म्हणजे पडलास तर इंजिन बंद होईल. पहिल्यांदा शिकवणाऱ्या माणसाच्या मागे बस, किनाऱ्याजवळ पोहणारे असतील तिथे जाऊ नकोस.

तर गेम घे. सुटीभर रंगशील, मित्रांबरोबर तर जास्तच. फक्त त्यात जिंकलास म्हणून समुद्रावर कोणाशी शर्यत लावू नकोस, आणि निघण्याआधी हे पत्र बाबांनाही वाचायला दे.

तुझा,
मामा