गाळलेली पायरी

आमच्या आजीला वाचता येत नाही. रोज रात्री जेवणं झाल्यावर पवित्र शास्त्र वाचून दाखवायचं काम त्यामुळे माझ्याकडे. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, तेव्हा ते दुसऱ्या कुणावर ढकलताही येत नाही.

आम्ही राहतो गुरुवार पेठेत, पवित्र नाम देवालयापासून हाकेच्या अंतरावर. पंचहौद म्हटलं की पुणेकरांना १८९० चं चहाचं प्रकरण आठवतं. टिळक-रानडे यांच्यासारखी मंडळी मिशनमध्ये चहा घेतात काय आणि त्यावरून गावभर प्रायश्चित्ताचा वाद पेटतो काय! पण तो विषय वेगळा.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. दुसऱ्या दिवशी ट्यूटोरियल होतं. बाहेर ढोलांचा सराव रंगात आलेला, शेजारी टी.व्ही. चालू आणि मांडीखाली माझा मोबाईल सारखा गुरगुरत होता. आजीनं नेमकं एकशे एकोणिसावं स्तोत्र सांगितलं. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांना सांगते, बायबलातलं हे सर्वांत लांब प्रकरण. १७६ वचनं! आठ-आठ वचनांचे २२ गट, आणि मूळ हिब्रूत एका गटातलं प्रत्येक वचन एकाच अक्षरानं सुरू होतं. आजी या गटांना पायऱ्या म्हणते आणि बोटांच्या पेरांवर मोजते.

चार पायऱ्या वाचल्या आणि पाचवी मी गाळली. सहावीही गाळली. चुकून नव्हे, मुद्दाम. आवाज तसाच ठेवून सातवीवर उडी मारली. एका हातात शास्त्र, दुसऱ्या हातात मोबाईल. आजी काही बोलली नाही. शेवटी ‘आमेन’ म्हणाली, मी दिवा घालवला.

अंधारात तिचं पुटपुटणं ऐकू आलं. प्रार्थना करत असेल असं वाटलं. मग कान दिला, तर ती त्या दोन पायऱ्या म्हणत होती. तोंडपाठ. मी वाचलेल्या नव्हे, फक्त गाळलेल्या.

“आजी, तुला पाठ आहे, मग मला कशाला वाचायला लावतेस गं?”

“मला ठावं हाय. तुला कुठं ठावं हाय?” एवढं बोलून ती कुशीवर वळली.

सकाळी पाचवी पायरी उघडून पाहिली. संपूर्ण मनानं तुझं नियमशास्त्र पाळता यावं म्हणून समज दे, अशी तिच्यात विनवणी आहे. आणि तीनच वचनं पुढे, निरर्थक गोष्टींपासून माझे डोळे वळव, अशी. कथेत हे लिहिलं असतं तर सरांनी समासात ‘योगायोग फार’ असा शेरा मारला असता!

तोवर माझी समजूत अशी, की परीक्षा संपली, निवांत स्वतंत्र खोली मिळाली, की मन आपोआप देवाकडे लागेल. डिसेंबरात आमच्या मंडळीतल्या मुलामुलींबरोबर दौंडच्या गाडीनं केडगावला मुक्ती मिशन पाहायला गेले. पंडिता रमाबाईंनी बायबलाचं मराठी भाषांतर केलं ते इथे. कमी शिकलेल्या बायकांनाही कळावं असं सोपं मराठी त्यांना हवं होतं, आणि त्यासाठी त्यांनी हिब्रू, ग्रीक शिकून घेतलं. निवांतपणा? त्यांचं शारदा सदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्यात आलं, १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळातून त्यांनी मध्य प्रांतातल्या उपाशी मुली आणल्या. पुढे गुजरातच्या दुष्काळातल्या. एक वेळ अशी आली की केडगावात दोन हजारांच्या आसपास माणसं होती. त्यांचं जेवण, आजार, शाळा, विहिरी, सगळं पाहत ही बाई भाषांतर करत होती आणि तिथल्याच छापखान्यात मुली ते छापत होत्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल बाहेर आलं ते १९२४ मध्ये.

परतताना गाडीत मैत्रीण म्हणाली, “बघ, इतक्या गडबडीतही मन लागतं!” मला ते पटलं नाही. त्या दोन हजार पोरी म्हणजे रमाबाईंच्या वाटेतली गडबड नव्हती, त्यांचं काम तेच होतं. माझ्या मोबाईलमुळे कुणाच्या पोटात घास जात नाही. ढोलांना मात्र मी उगीच दोष दिला. ढोल वाजत असतानाच आजी एकेक पायरी मोजत होती.

हल्ली वाचायच्या वेळी मोबाईल फडताळात ठेवते. तरी मन काही फडताळात राहत नाही. परवा पुन्हा तेच स्तोत्र होतं. नवव्या पायरीवर मी भलतीकडेच पोचले आणि आपण काय वाचतोय हेच कळेना. थांबले. वर पाहिलं, तर आजीचा अंगठा नवव्या पेरावर तसाच होता.