खोली आहे ना?

गेल्या मार्गशीर्षात महाडजवळच्या बिरवाडीच्या बाजारात एका परिचित मध्यस्थाने मला गाठले, आणि पावसापाण्याची व गुडघ्यांची रीतसर चौकशी आटोपल्यावर माझ्या भाच्याच्या मुलीसाठी एक स्थळ सुचविले. "पोरगा कंपनीत परमनंट हाय गुरुजी, सुपारीचं खांडसुद्धा खात नाय, आणि तळीयेला म्हाडाचं घर हाय." शेवटचे शब्द त्याने, अडत्या मालाचा मोठा नग दाखविताना करतो तसा, आवाज किंचित चढवून उच्चारले. २२ जुलै २०२१ रोजी डोंगर खाली आला आणि ज्या गावातील ऐंशीहून अधिक माणसे त्याखाली गेली, त्या गावाच्या पुनर्वसनात मिळालेले घर विवाहाच्या बोलाचालीत वरपक्षाच्या जमेच्या बाजूला मांडले जाईल, ही कल्पना माझ्या मनाला कधी शिवली नव्हती. मध्यस्थाची मुद्रा निर्विकार होती. मुलीच्या बापाने घराखेरीज विचारायचे तरी काय, असा तिचा आशय होता, आणि त्याला उत्तर देण्याजोगे माझ्यापाशी काही नव्हते.

त्या रात्री झोप येईना, तेव्हा मी जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' पुन्हा काढली. बी.ए.च्या वर्षी ती आम्हांला नेमलेली होती. आणि जे गृहस्थ ती शिकवीत, त्यांनी लाँगबोर्नच्या, म्हणजे नायिकेच्या बापाच्या, मिळकतीचा गुंता परीक्षेला येत नाही म्हणून दोन वाक्यांत उरकून नायक डार्सीच्या पहिल्या मागणीकडे धाव घेतली होती. मला तो गुंता समजावून सांगण्याची गरजच नव्हती. नायिकेच्या बापाला, बेनेटला, मुली पाच आणि मुलगा एकही नाही; सबब त्याच्या पश्चात जमीन, घर, त्यातील मेजखुर्च्यांसह, कॉलिन्स नावाच्या एका भाऊबंदाकडे जाणार, हे वाचताना मला हर्टफर्डशायर दिसले नाही, आमच्या वाडीतील निपुत्रिकांची घरे दिसली. दत्तक घ्यावा तर तो भाऊबंदातलाच, न घ्यावा तर बांध कोरत भाऊबंद येणारच, आणि मुलींनी सासरी आपापल्या नशिबाने नांदावे, ही वहिवाट आम्ही धारोष्ण दुधासारखी प्यालो होतो. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलींना वाटा दिला, हे खरे. पण त्या कायद्यानंतर आमच्याकडे कोणती नवी रीत रूढ झाली असेल तर ती हक्कसोडपत्राची. बहिणींना महाडला न्यावे, त्यांच्या सह्या-अंगठे घ्यावेत, एकेक लुगडे द्यावे आणि फेरफार मंजूर करून घ्यावा.

या कादंबरीला प्रेमकथा म्हणतात, तेव्हा मला माझी आत्या आठवते, आणि आठवते ती एकाच क्षणातली. ती पडवीत बसून तांदूळ पाखडीत होती. ओटीवर पाहुणे आले होते. मी त्यांना पाणी नेऊन दिले होते आणि, मुलांना जाण्यास कोणी सांगितले नाही की ती जिथे थांबतात तिथे, दाराच्या उंबऱ्याशी थांबलो होतो. वर बिजवर होता. वयाने आत्याहून पुष्कळ थोर, लालबागच्या एका गिरणीत साच्यावर, पहिलीपासूनचा एक मुलगा पदरी. आजीने आत येऊन हे सर्व दबल्या स्वरात सांगितले आणि शेवटी, बहुधा स्वतःच्याच समाधानासाठी, म्हणाली, "तुझ्या मनात नसंल तर तसं सांग, बाय." आत्याने सूप थांबविले नाही. कोंडा एकीकडे उडत होता, तांदूळ मागे सरकत होते. "खोली हाय ना? सोताची का गावकीची?" एवढेच तिने विचारले. स्वतःची आहे असे कळल्यावर ती म्हणाली, "मग झालं तर."

महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांना या प्रश्नाचे मर्म सांगावे लागत नाही. गावकीची खोली म्हणजे गावाने मिळून धरलेला गाळा: पंधरा-वीस चाकरमानी, पाळीपाळीने निजणारे, खानावळीत जेवणारे, भिंतीला एकेक ट्रंक. तेथे बायको नेता येत नाही. तिने गावी सासूच्या हाताखाली शेत कसावे आणि गणपती व शिमग्याला नवरा पाहावा. स्वतःची खोली म्हणजे पागडीची का होईना, दहा बाय दहाची का होईना, पण संसार. ऑस्टिनबाईंनी आपल्या पुरुषांचे वार्षिक उत्पन्न पुकारून सांगितले आहे: डार्सीचे दहा हजार पौंड, त्याचा मित्र बिंगले याचे चार-पाच हजार, बेनेटचे दोन हजार. टीकाकारांना त्यात उपरोध दिसतो. असेलही, पण आत्याला त्यात कामाची माहिती दिसली असती.

आत्या त्या वेळी अठ्ठाविशीच्या घरात होती. कादंबरीची नायिका, बेनेटची मुलगी एलिझाबेथ, हिची मैत्रीण शार्लट ल्यूकस सत्तावीसची असते. एलिझाबेथने नाकारलेल्या कॉलिन्सला तीन दिवसांच्या आत ती स्वीकारते, आणि आपण प्रणयाच्या नादाला लागणाऱ्या नाही, आपल्याला एक सुखाचे घर हवे आहे, असे मैत्रिणीला सरळ सांगते. एलिझाबेथ हादरते, वाचकाने तिच्याबरोबर हादरावे, अशीच बाईंची योजना आहे. मी कधीही हादरलो नाही. उलट एलिझाबेथच्या त्या नैतिक विस्मयात, जिला पुढे डार्सीच्या पेंबर्लीचे उद्यान मिळणारच आहे तिच्या निर्धास्तपणाचा वास मला येतो, आणि हा पूर्वग्रह असेल तर तो मी खुशाल बाळगतो.

माझा खरा राग मात्र बेनेटवर आहे. मराठी रसिकांनाही हा गृहस्थ फार आवडतो: विनोदी, विरक्त, ग्रंथालयात दार लावून बसणारा, मूर्ख बायकोची मिस्कील फिरकी घेणारा. पण पुस्तकातच लिहिले आहे की, मुलगा होईल आणि तो सज्ञान झाला की मिळकतीचा बंध तोडता येईल, या भरवशावर त्याने वर्षाला दोन हजारांतून एक पैसा शिल्लक टाकला नाही. मुलीवर मुली झाल्या आणि काटकसरीची वेळ निघून गेली. एलिझाबेथच्या वाट्याला आईच्या पश्चात हजार पौंड तेवढे येणार. जिला आपण हसतो ती बेनेटीणबाई त्या घरात एकटीच भविष्याचा हिशेब करीत असते. तो तिला नीट मांडता येत नाही, इतकेच. माझे आजोबा असेच होते. झोपाळ्यावर बसून, तंबाखूची पिशवी मांडीवर ठेवून, मुलगी पाहायला आलेल्या प्रत्येकावर त्यांची एक कोटी तयार असे. एकाचे नाक, दुसऱ्याचा सदरा, तिसऱ्याच्या बापाचे बोलणे. गावभर त्या कोट्या फिरत. लग्नाच्या खर्चाची तजवीज मात्र कोटीने होत नसते, आणि आत्याची दहा वर्षे त्या झोपाळ्याच्या करकरीत निघून गेली.

येथे एक असंबद्ध गोष्ट सांगतो. २ डिसेंबर १८०२ च्या सायंकाळी हॅरिस बिग-विदर नावाच्या एका मोठ्या मिळकतीच्या वारसाने जेन ऑस्टिनला मागणी घातली. ती तिने स्वीकारली, आणि रात्रभरात विचार पालटून दुसऱ्या सकाळी मोडली. नेमक्या त्याच हंगामात, होळकरांनी हडपसरला पराभव केल्यामुळे पुण्याहून पळालेले दुसरे बाजीराव, आमच्या महाडवरून समुद्राकडे उतरले होते. वर्षाच्या अखेरच्या दिवशी त्यांनी वसईस इंग्रजांच्या तहावर सही केली. तो शब्द एका रात्रीत मोडण्याची सोय त्यांना नव्हती. पुढे मे १८१८ मध्ये रायगड पडला तेव्हा किल्ल्यावर त्यांच्या पत्नी वाराणसीबाई होत्या. जेन ऑस्टिनला जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु महाडच्या एस्टी स्थानकात गाडीची वाट पाहत बसलो की त्या माझ्या डोक्यात शेजारी येऊन बसतात.

महाडचे नाव निघाले म्हणून आणखी एक. डार्सीची मावशी लेडी कॅथरीन हे लग्न मोडण्यासाठी दरडावू लागते तेव्हा एलिझाबेथ तिला ऐकविते की डार्सी सभ्य गृहस्थ आहे, मीही सभ्य गृहस्थाची मुलगी आहे. तेवढ्यापुरते आम्ही समान आहोत. या उत्तरावर टाळ्या पडतात. आमच्या भाषेत त्याचा अर्थ इतकाच, की जात एकच आहे, फक्त परिस्थितीत फरक. असे लग्न आमचा कोणताही मध्यस्थ चार बैठकांत जमवून देईल. डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मूळ जातीतल्या जातीत होणाऱ्या विवाहात दाखविले, आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी याच महाडात मनुस्मृतीचे दहन झाले. ते स्मरणात ठेवून ही कादंबरी वाचली म्हणजे तिच्यातले बंड केवढ्या अंगणात चालले आहे ते ध्यानी येते. बिरवाडीच्या मध्यस्थानेही जातीचा उल्लेख केला नव्हता. ती धरलेलीच होती.

आत्याचा संसार वाईट झाला नाही. शार्लटविषयी एक बारीक तपशील आहे: कॉलिन्सच्या हन्सफर्डच्या घरात ती स्वतःला बसण्यासाठी मागची, कमी प्रशस्त खोली निवडते, कारण पुढची चांगली खोली घेतली असती तर नवरा रस्त्याकडची आपली अभ्यासिका सोडून सारखा तिच्यात येऊन बसला असता. दहा बाय दहात मागचे-पुढचे असे काही नसते. तरी आत्याने पोटमाळा आपला करून घेतला होता; दुपारी यजमान पहिल्या पाळीवरून येऊन बोलू लागले की ती वर जाऊन गोधडी शिवीत बसे आणि खालून येणाऱ्या बोलण्याला "व्हय" म्हणे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि ज्या वराला पाहून आमच्या वाड्यांतील बाप आनंदत, तो एका वर्षात स्थळांच्या यादीतून उतरला. यजमान गावी परतले. त्यांच्या पश्चात भाडेपावती सावत्र मुलाच्या नावे झाली, कारण खोलीत राहत होता तो. आत्याने ज्या खोलीसाठी होकार दिला होता, तिच्यावर तिचा अखेरपर्यंत कागदोपत्री काही हक्क राहिला नाही. तिने तक्रार केली नाही. आजोबांविषयीसुद्धा नाही, तो राग मीच वाहत आलो.

कॉलिन्सच्या शेवटच्या पत्रावरून कळते की शार्लटला दिवस गेले आहेत. त्यानंतर ती एकदा माहेरी येते तेवढीच; पुढे बाईंनी तिचे नाव टाकले आहे. पण ज्याला सातबारा वाचता येतो त्याला पुढचे दिसते. बेनेट एक दिवस जाईल. लाँगबोर्नवर कॉलिन्सची नोंद होईल आणि शार्लट, माहेरापासून हाकेच्या अंतरावर, त्या घरात येईल. बेनेटीणबाईंना ती घाई करणार नाही, असे मला खात्रीने वाटते. त्यांची बोचकी बांधायला आपला माणूस देईल, कोंबड्यांची व्यवस्था लावील, चुलाण्यांना खर्च किती आला याची यजमानांची व्याख्याने ऐकून घेईल. आणि बेनेटच्या त्या ग्रंथालयात, ज्याच्या दाराआड बसून त्याने पाच मुलींचे भवितव्य हसण्यावारी नेले, त्यात कॉलिन्स पहिल्याच दिवशी ठाण मांडील; शार्लट त्याला मुळीच अडवणार नाही, उलट तिथे चांगले शेगडीपाणी करून देईल, म्हणजे तो जेवणाच्या घंटेपर्यंत बाहेर येणार नाही.